दोन तासांच्या वर बसायचं नाही

४ मार्च

ताई,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडता ठेवून देशील अशी भीती वाटली, म्हणून पत्ता ग्रंथालयातल्या टंकलेखकाकडून टाइप करून घेतला. एवढी लबाडी पोटात घाल.

आधीच सांगते, बाबा बरे आहेत. कुणाला काही झालेलं नाही. नऊ वर्षांपूर्वी आईच्या वेळी फोनवर मला पहिलं वाक्यच नीट बोलता आलं नव्हतं, म्हणून या वेळी ते सगळ्यात वर लिहिलं.

तुझ्याकडे काम असं काही नाही. म्हणजे आहे. नगरपालिकेनं आमच्या ग्रंथालयाला एक पत्रक काढायला सांगितलंय. खिशाला चाट न लावता किंवा अगदी थोडक्यात या शहरात दिवस कुठे घालवता येईल, त्या जागांचं. साहेबांनी ते माझ्या गळ्यात मारलं. बारा वर्षं चौकशीच्या टेबलावर बसून मी लोकांना 'स्वच्छतागृह जिन्याखाली आहे' हेच सांगत आलेय, तेव्हा शहराची माहिती मलाच असणार, असं त्यांचं म्हणणं. मी बाग, वस्तुसंग्रहालय, नदीकाठ आणि आमचं ग्रंथालय एवढं लिहिलं आणि गाडी अडली.

संध्याकाळी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांना आता वाचता येत नाही. डोळ्यांचा मधला भाग गेलाय. डॉक्टर म्हणतात, कडेचं दिसत राहील, समोरचं पुसत जाईल. तीस वर्षं ज्यानं पाइपांच्या कारखान्यात केसाएवढ्या बारीक रेघा मारून नकाशे काढले, त्याला आता ताटातली वाटी चाचपावी लागते. तक्रार करत नाहीत. मी मात्र भाजी वाढताना उगाच बडबड करते.

चार जागा ऐकून ते म्हणाले, "वस्तुसंग्रहालय फक्त मंगळवारी फुकट, तसं लिही. आणि अकराच्या आत जा म्हणावं, नंतर शाळांच्या सहली येतात."

मग ते थांबलेच नाहीत. न्यायालयात दुसऱ्या मजल्यावरच्या दालनात कुणीही जाऊन खटला ऐकू शकतं, पंखे चांगले आहेत, वकील मंडळी उठून जागा देतात. रोपवाटिकेत पहिला तास पैसे घेत नाहीत. संगीत विद्यालयात गुरुवारी दुपारी मुलं तालीम करतात, मागच्या दारानं आत गेलं की कोणी हटकत नाही. अग्निशमन केंद्रात शनिवारी सकाळी शिडीचा सराव असतो. कागद दोन्ही बाजूंनी भरला.

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला एवढं कसं माहीत?" ते गप्प बसले.

तुला हे का लिहितेय, मला नीट सांगता येत नाही. बाबांची नजर आहे तोवर, एवढंच म्हणते.

तुझी धाकटी


१९ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. 'पत्रकाशी माझा काय संबंध?' एवढंच लिहिलंस, पण लिहिलंस. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "प्रश्न रास्त आहे." आणि मग दिवसभर त्यांनी तीनदा विचारलं, "कार्ड कुठे ठेवलंस?"

संबंध सांगते. उभ्या उभ्या वाचू नकोस.

बाबांनी हट्ट धरला की पाहिल्याशिवाय एकही जागा छापायची नाही. "चोवीस वर्षांत बदललं असेल. चुकीच्या नकाशावरून पाइप टाकला की गळतो." म्हणून दोन आठवडे माझ्या सुटीच्या दिवशी आम्ही भटकतोय. ते माझ्या दंडाला धरतात. वस्तुसंग्रहालयात शिरल्यावर मात्र तेच पुढे झाले, मी मागे. तिथं तळमजल्यावर एका जुन्या होडीचा सांगाडा आहे, तू पाहिला असशील. त्याच्यासमोरच्या बाकावर ते टेकले आणि हातानं बाकाची कड चाचपून म्हणाले, "हाच. इथे डबा खायचो. पहारेकरी चांगला होता. पाठ करून उभा राहायचा."

ताई, बाबांची नोकरी गेली होती. तू घर सोडलंस त्याच्या सहा महिने आधी. कारखान्यानं नकाशाचा विभाग बंद केला आणि एका सकाळी पाच माणसांना घरी पाठवलं. बाबा घरी आलेच नाहीत. म्हणजे नेहमीच्या वेळी आले, नेहमीसारखे बूट काढले, नेहमीसारखा चहा घेतला. दुसऱ्या दिवशी आईनं भरलेला डबा घेऊन आठला बाहेर पडले. सात महिने. सकाळी दोन-चार ठिकाणी कामाची विचारपूस करायची आणि उरलेला दिवस कुठेतरी घालवायचा. कुठे, ते आता माझ्या कागदावर आहे.

त्यांचा एक नियम होता. एका जागी दोन तासांच्या वर बसायचं नाही. "तिसऱ्या तासाला माणसं तोंड ओळखायला लागतात," म्हणाले. "आणि ओळखलं की विचारतात." म्हणून आठ ते दहा वाचनालय, तिथून न्यायालय, तिथून आणखी कुठे. हवा वाईट असली की मोठ्या इस्पितळाचं प्रतीक्षागृह. "तिथं कोणी विचारत नाही. सगळ्यांना वाटतं, याचंही कोणीतरी आत आहे."

मी म्हटलं, "हे पत्रकात नको घालायला."

"घाल," ते म्हणाले. "ज्याला लागेल त्याला कळेल."

आता त्या बाईंचं. रोपवाटिकेतल्या कमळाच्या हौदाशी तू ज्यांना पाहिलंस. त्या टंकलेखिका होत्या, बाबांपेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. त्यांचंही कार्यालय बंद पडलं होतं. वाचनालयात नोकरीच्या जाहिरातींचं पान दोघांनाही एकाच वेळी हवं असायचं, त्यावरून ओळख झाली. मी हौदाशी उभं राहूनच विचारलं. एवढ्या वर्षांत ते विचारायची माझी छाती झाली नव्हती.

"बाबा, ताईला वाटलं तसं काही होतं?"

"नव्हतं," म्हणाले. "पण तुझ्या आईला सांगता येईल असंही काही नव्हतं. अख्ख्या शहरात मी बेकार आहे हे फक्त त्या बाईला ठाऊक होतं. तिच्याशेजारी मला ताठ बसावं लागत नव्हतं. सकाळी उठल्यावर तिची आठवण यायची, हे खोटं कशाला बोलू?"

"मग त्या दिवशी ताईनं विचारलं, तेव्हा हे का नाही सांगितलंत?"

"बाहेरख्याली म्हणाली, ते ऐकून घेता आलं," बाबा म्हणाले. "बेकार म्हणाली असती, तर ऐकवलं नसतं. तेव्हा मला असंच वाटत होतं. आता हसू येतं."

हसले नाहीत.

त्या बाईंना पुढे दुसऱ्या गावी काम लागलं. एकदाही पत्र नाही, भेट नाही. हे मी त्यांच्या शब्दावर लिहितेय, आणि माझा विश्वास आहे.

धाकटी


६ एप्रिल

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येण्याची वाट पाहत थांबले, तर हे पत्रही जायचं नाही. तसं एकदा झालंय.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की 'एवढं कसं माहीत' विचारल्यावर बाबा गप्प बसले. ते खोटं आहे. ते म्हणाले होते, "तुला ठाऊक आहे कसं."

मला ठाऊक होतं. चोवीस वर्षांपूर्वीच. मी तेरा वर्षांची होते. शाळेची सहल वस्तुसंग्रहालयात गेली, मंगळवारी, अकरानंतर. होडीच्या बाकावर बाबा डबा उघडून बसले होते. आमची नजरानजर झाली. माझ्या मैत्रिणीनं विचारलं, "ते तुझे बाबा ना गं?" मी म्हटलं, "छे, माझे बाबा कारखान्यात असतात." त्यांनी ते ऐकलं. डब्याचं झाकण लावलं आणि मान खाली घालून दुसऱ्या दालनात गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत माझ्याबरोबर आले. "आईला सांगू नकोस. दोन महिन्यांत लागेल काहीतरी." मी मान हलवली. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. घरातलं एक गुपित माझ्याकडे होतं आणि तुझ्याकडे नव्हतं. लहानपणापासून तुझ्या मागे मागे फिरून मी कंटाळले होते, ताई.

आणि मग ती संध्याकाळ. तू दारातच बाबांना अडवलंस. ते बुटाची नाडी सोडत होते.

"दुपारी एक वाजता कुठे होतात?"

"कामावर."

"मी पाहिलं तुम्हाला. हौदाशी. सांगा ना आईला, कोण आहे ती."

आई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. तिनं पुसणं थांबवलं नाही, हात कोरडे झाले तरी. बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी गणिताच्या वहीत डोकं घातलं. मी तेव्हा चार शब्द बोलले असते, तर तू दोन दिवसांनी ट्रंक उचलून परिचारिकांच्या वसतिगृहात कायमची गेली नसतीस. बाबा नाही बोलले, कारण त्यांना लाज वाटत होती. मी का नाही बोलले? मला त्यांनी सांगितलं होतं म्हणून, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं.

पण मला लिहायचंय ते हेही नाही. हे सगळं तू एका पोरीला माफ करशील. पुढचं वाच.

तू गेल्यावर महिन्याभरानं कारखान्यातला शिपाई घरी आला. बाबांची कंपासपेटी आणि मोजपट्ट्या कपाटात राहिल्या होत्या, त्या द्यायला. "साहेब कुठे लागले का पुढे?" त्यानं आईला विचारलं. आईनं त्याला पाणी दिलं, चहा दिला, सगळं विचारून घेतलं. संध्याकाळी बाबा आले तेव्हा पेटी टेबलावर होती. मला वाटलं, आता आकाश कोसळेल. आई म्हणाली, "उद्यापासून डबा घरी बसून खा." एवढंच. मग आत जाऊन रडली.

त्या रात्री तिनं तुला पत्र लिहिलं. सकाळी माझ्या हातात दिलं, "चिकटवून पेटीत टाक, शाळेच्या वाटेवर." पाकीट उघडं होतं. मी वाचलं. त्यात सगळं होतं, आणि हेही होतं: 'धाकटीला कधीपासून ठाऊक होतं म्हणे. ती बोलली असती तर तू गेली नसतीस.'

मी ते टाकलं नाही. उद्या टाकू म्हणून दप्तरात ठेवलं. उद्या तू ते वाचशील आणि मला कधी जवळ घेणार नाहीस, म्हणून परवावर ढकललं. मग उशीर इतका झाला की टाकणं न टाकण्यापेक्षा कठीण होऊन बसलं.

तू उत्तर दिलं नाहीस, असं आईला वाटलं. 'पुन्हा लिहू का?' ती बाबांना विचारायची. बाबा म्हणायचे, "नको. बेकार बाप पचत नसेल तिला. पचेल तेव्हा येईल." पुढे त्यांना घरांचे नकाशे काढायचं काम मिळालं, दिवस सुधारले, पण ते तुला लिहायला धजले नाहीत. आणि आईच्या वेळी तू तीन तासांसाठी आलीस, बाबा पुढे झाले तेव्हा एक पाऊल मागे सरलीस. मी तुमच्या दोघांच्या मधे उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

पत्र सोबत ठेवलंय. घडीवर फाटायला आलंय, जपून उघड. माझ्याबद्दलच्या त्या ओळीच्या खाली आईनं आणखी काय लिहिलंय ते मी तेव्हा वाचलं नव्हतं. तिथपर्यंत पोचून मी पाकीट मिटलं होतं. परवा वाचलं. 'पण ती लहान आहे, तिच्यावर राग धरू नकोस.' आता मी सदतीस वर्षांची आहे. ते वाक्य आता मला लागू नाही, हे मला कळतं.

बाबांना हे पत्राचं मी काल सांगितलं. रात्री ते जेवले नाहीत. आज सकाळी त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला.


२ मे

ताई,

'शनिवारी सकाळी येते. बाबांना सांग. तू स्टेशनवर येऊ नकोस.' तुझा निरोप बाबांना तसाच्या तसा सांगितला, शेवटचं वाक्यही. नाही येणार.

रिक्षावाल्याला जुन्या पाण्याच्या टाकीचं नाव सांग, घराचा रस्ता बदललाय. तुझी खोली मी झाडून ठेवलीय. बाबा जिन्यात उठून उभे राहतील, त्यांना बसा म्हणू नकोस, राग येतो.

पत्रक छापून आलं. साहेबांनी न्यायालय आणि इस्पितळ गाळलं. "लोकांना करमणूक हवी असते हो, खटले कशाला?" अग्निशमन केंद्र ठेवलं, कारण तिथला फोटो लाल रंगात छान येतो. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "साहेबांना कधी मोकळा दिवस मिळाला नसेल." त्यांनी माझ्याकडून गाळलेल्या त्या दोन ओळी वेगळ्या कागदावर लिहून घेतल्या आणि त्या मी ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर लावल्या आहेत. अजून कुणी काढलेल्या नाहीत.

शनिवारी मी कामावर असेन. संध्याकाळी सहाच्या पुढे येईन. तुम्हा दोघांना तेवढा वेळ लागेल.

धाकटी


१५ जून

ताई,

तू चार दिवस राहिलीस. त्यातले तीन दिवस आपण एकमेकींशी फक्त 'मीठ दे' आणि 'पाणी तापलं का' एवढं बोललो. तुझी मुळीच चूक नाही. मी ते तीन दिवस हिशेबात धरले होते, खरं तर तू माझ्या हातचं जेवशील असंही धरलं नव्हतं.

पहिल्या सकाळी काय झालं ते बाबांनी मला तू गेल्यावर सांगितलं. तू समोर आलीस आणि त्यांनी मान वळवली. तू म्हणालीस, "अजून माझ्यापासून तोंड फिरवताय?" आणि ते म्हणाले, "फिरवलं तरच दिसतेस गं." डोळ्यांच्या कडेनं बघताना ते मान वळवतात, हेही तुला आधी लिहायला हवं होतं. माझ्याकडून राहिलं. मला तिथं असायला हवं होतं असं क्षणभर वाटलं, मग वाटलं, बरं झालं नव्हते. ते सांगताना बाबांचा आवाज इतका हलका होता की मला वाटलं शेजारच्या खोलीत कोणी तरुण माणूस बोलतोय.

मंगळवारी तुम्ही दोघं वस्तुसंग्रहालयात गेलात. चार तास. बाबा म्हणतात, पहारेकरी दोनदा येऊन बघून गेला आणि त्यांना काहीच वाटलं नाही.

निघताना जिन्यात तू मला म्हणालीस, "पत्राचं मी विसरू शकत नाही. खोटं कशाला बोलू? बाबांसाठी मी येत जाईन. तुझ्यासाठी येतेय असं समजू नकोस." मी मान हलवली. मग दोन पायऱ्या उतरून तू परत वळलीस आणि विचारलंस, "आई शेवटी माझ्याबद्दल काही बोलली?"

मी म्हटलं, "नाही. शुद्धीवर नव्हती."

तू खाली गेलीस. रिक्षात बसेपर्यंत मी वरून बघत होते.

गेला महिनाभर दर रविवारी तुझा फोन येतो, बाबा अर्धा तास आधीपासून खुर्ची ओढून बसतात. पुढच्या महिन्यात तू त्यांना तुझ्या इस्पितळातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार, हेही त्यांनी सांगितलं. सगळं ठीक चाललंय. हे पत्र मी लिहिलं नाही तर ते तसंच चालत राहील. पण एकदा गप्प बसून मी काय केलं ते आपण दोघींनी पाहिलं.

आई शुद्धीवर होती, ताई. शेवटच्या दिवशी दुपारी चांगली तासभर होती. बाबा औषध आणायला गेले होते. मी तिचे पाय चेपत होते. तिनं तुझं नाव घेतलं आणि म्हणाली, "तिनं उत्तर नाही दिलं, तिच्या मनात असेल ते असेल. मी नाही धरून बसले. पण पत्र तिनं वाचलं असेल ना गं? एवढं तरी?"

तिनं माझा हात धरला होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. पत्र तेव्हा त्याच घरात, त्याच भिंतीपलीकडे, माझ्या शब्दकोशाच्या वेष्टणात होतं. उठून आणायला दहा पावलं होती.

मी तिला म्हटलं, "हो. वाचलंय तिनं."

आई "बरं झालं" म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.